कचेरीची खिडकी आणि मराठी भाषा : शिरढोणच्या एका कारकुनाच्या निमित्ताने

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडेच शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८१८ साली कर्नल प्रॉथर याने तो किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली. नातवाच्या वाट्यास आली ती कारकुनी.

फडके यांच्या १८७९ सालच्या उठावाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामागील सुमारे पंधरा वर्षांच्या कारकुनीकडे मात्र उठावाची प्रस्तावना म्हणूनच पाहिले जाते. आई मरणासन्न असता रजा वेळेवर मिळाली नाही, तेव्हापासून मनात सरकारविषयी तेढ बसली, एवढा प्रसंग सांगून चरित्रकार पुढे जातात. चरित्राच्या दृष्टीने ते ठीकच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी कारकून हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असून त्याच्याकडून कोणत्या भाषेचे कोणते कौशल्य अपेक्षिले जाई, त्यापैकी कशाचे वेतन मिळे आणि कशाची गणतीच होत नसे, हे प्रश्न आजही निकालात निघालेले नाहीत. कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत, त्याला उमजेल असे बोलणे हे एक काम आहे की तो केवळ बोलणाऱ्याचा स्वभावगुण आहे, असा हा प्रश्न मांडता येईल.

फडके यांचे शिक्षण कल्याण, पुणे, मुंबई अशा ठिकाणी झाले. मुंबईत एकदोन ठिकाणी नोकरी केल्यावर ते लष्करी हिशेबखात्यात शिरले आणि १८६५ च्या सुमारास त्या खात्याच्या पुण्याच्या कचेरीत आले. त्या कचेरीचे सारे लिखापढीचे काम इंग्रजीत चाले. तेथे रयत येत नसे, अर्जदार येत नसे; येत ती बिले, हजेरीपटे आणि वरिष्ठांचे शेरे. अशा ठिकाणी मराठी कारकुनाचे मोल त्याला इंग्रजी किती येते यावर ठरे. त्याची मराठी ही त्याची खाजगी बाब होती. याच काळात पुण्याच्या रस्त्यांवर थाळी वाजवून आपल्याच व्याख्यानाची दवंडी पिटणारे फडके चरित्रांतून भेटतात, तेव्हा एक विसंगती डोळ्यांत भरते. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलून त्यांना एखादी गोष्ट पटवून देण्याची शक्ती ज्याच्या अंगी होती, त्या माणसाच्या या शक्तीला त्याच्या कचेरीत दिवसाचे सारे तास काहीही काम नव्हते.

जिल्ह्याच्या कचेऱ्यांची स्थिती निराळी होती. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीमुळे सरकारचा संबंध थेट खातेदाराशी येई. गावी कुलकर्णी अथवा तलाठी, तालुक्यास मामलेदार व त्याचे कारकून, वर कलेक्टर, अशी ही साखळी होती. तिच्या खालच्या कड्या मराठीत आणि वरच्या इंग्रजीत चालत. मराठी म्हणजे येथे मोडी. पेशवाईत रुळलेली लपेटीची लेखनपद्धती इंग्रजी अमलातही गावदप्तरात तशीच चालू राहिली, आणि बालबोध लिपी पोथीपुस्तकांत व शाळेत नांदली. सारांश, खातेदाराची गोष्ट तोंडी सांगितली जाई ती एका बोलीत, कागदावर उतरे ती मोडीतील दप्तरी मराठीत आणि निकालासाठी वर जाई ती इंग्रजीत. प्रत्येक पायरीवर भाषांतर होते, आणि ते भाषांतर करणारा कारकून होता. परंतु भाषांतर हे त्याचे काम आहे असे कोणी म्हटले नाही. सरकारी भाषांतरकाराचे स्वतंत्र पद मुंबईस होते. तालुक्याच्या कचेरीत ते काम गृहीत धरले गेले.

ज्याची मराठी गृहीत धरलेली नव्हती, असा एकच वर्ग त्या राज्यात होता. तो इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्यांच्यासाठी मात्र मराठी हे रीतसर कौशल्य होते. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण या गरजेतून जन्मले, हे विसरता येत नाही. कलकत्त्यास १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले ते कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकविण्यासाठी; तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण सिद्ध केले आणि १८१० मध्ये कोश. मुंबईत व्हान्स केनेडी याचा कोश १८२४ चा. मोल्सवर्थ, जॉर्ज कँडी व टॉमस कँडी यांनी पंडितांना हाताशी धरून रचलेला मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. अधिकाऱ्यास मुनशी ठेवण्यासाठी भत्ता मिळे, परीक्षा उतरल्यास बक्षीस मिळे, आणि उतरल्याखेरीज काही जागा मिळत नसत. मराठी ही नोकरीस लागणारी विद्या आहे, ती शिकावी लागते, तिची परीक्षा घेता येते आणि तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात, ही सारी तत्त्वे इंग्रज सरकारने मान्य केली होती. फक्त ती परक्यापुरती मान्य केली होती. देशी माणसाची मराठी म्हणजे वारा-पाण्यासारखी फुकट मिळणारी वस्तू!

याचा परिणाम शिक्षणावर झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ सालचे. एतद्देशीयाने एतद्देशीयांसाठी असे व्याकरण लिहूनही उच्च शिक्षणात मराठी टिकली नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने आरंभी काही वर्षे परीक्षांत देशी भाषांना जागा दिली आणि लवकरच ती काढून घेतली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना ती परत मिळविण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. पदवीधर मराठी तरुण कचेरीत येई तो इंग्रजीत मसुदा लिहिण्यास शिकून. आपल्याच जिल्ह्यातील कुणब्यास सरकारी हुकूम उलगडून कसा सांगावा, हे त्याला कोणत्याही इयत्तेत शिकविलेले नसे. ज्याला तो हुकूम ऐकावयाचा आहे त्याची बाजू तर अभ्यासक्रमाच्या पूर्णपणे बाहेरची होती.

ती बाजू ज्यांनी उघडपणे मांडली ते जोतीराव फुले. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. तलाठी-कुलकर्ण्यापासून दिवाणी न्यायालयापर्यंत अडाणी शेतकऱ्याची लिहित्या कारकुनाकडून कशी नाडणूक होते, याचे त्यातील वर्णन सर्वश्रुत आहे. त्या वर्णनाकडे जातिसंघर्षाच्या अंगाने पाहिले गेले आणि ते योग्यच आहे, कारण कचेऱ्यांतील कारकून बहुतेक ब्राह्मण होते. फडकेही चित्पावन ब्राह्मण होते. परंतु त्याला भाषाव्यवहाराचेही एक अंग आहे. येथे शेतकरीही मराठी आहे आणि कारकूनही मराठी. दोघांची भाषा एक असूनही खिडकीवर व्यवहार होत नाही, कारण एकाला कागद वाचता येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि वाचता येणाऱ्यावर समजावून सांगण्याचे बंधन नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुले यांनी प्राथमिक शाळेतील विषय सुचविले, त्यांत बालबोधाबरोबर मोडी आणि हिशेब यांचा मुद्दाम उल्लेख आहे. मोडी कशासाठी, हे उघड आहे. सावकाराचे खत, कुलकर्ण्याचे दप्तर आणि मामलेदाराचा हुकूम सगळे मोडीत. तेव्हा खिडकीच्या आतल्या माणसाने समजावून सांगितले नाही तरी बाहेरच्या माणसाला स्वतः वाचता यावे, हा फुले यांचा उपाय होता.

आतल्या माणसावर बंधन घालण्याचा दुसरा उपायही याच सुमारास एकदा अमलात आला, आणि तो अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे इतका महत्त्वाचा आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. दंगेखोरांनी सावकारांच्या जिवास फारसा हात लावला नाही. त्यांनी खते मागितली आणि जाळली. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातील मजकूर आपण वाचलेला नाही, तोच आपल्या नाशाचे मूळ आहे, हे शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते. चौकशी-आयोग नेमला गेला. १८७६–७७ चा दुष्काळ मध्ये येऊन गेला. १८७९ च्या अखेरीस दक्षिणी शेतकरी साहाय्य कायदा मंजूर झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला.

या कायद्यातील व्याजाची तपासणी, हप्ते इत्यादी तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यातील गावनिबंधक, म्हणजे त्या वेळच्या बोलण्यात व्हिलेज रजिस्ट्रार, यासंबंधीचे प्रकरण मात्र सहसा दोन ओळींत आटोपले जाते. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत या निबंधकाने स्वतः लिहावे अथवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावे, ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग आपल्यासमक्ष सही-अंगठा घ्यावा, असा नियम घालण्यात आला. त्याखेरीज पैसे फेडले की शेतकऱ्याला पावती मागता यावी, वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागता यावा, खातेपुस्तक मागता यावे, अशी तरतूद झाली. आजच्या बँकव्यवहारात ज्याला ग्राहकसेवा म्हणतात तिची बहुतेक अंगे येथे आहेत. विशेष हे की, मोठ्याने वाचून दाखविणे ही येथे मेहेरबानी राहिली नाही. ते कायद्याने नेमून दिलेले, ज्यासाठी एक पद निर्माण केले आहे असे काम झाले. गृहीत धरलेली मराठी प्रथमच कर्तव्याच्या रकान्यात आली.

या योजनेचे पुढे काय झाले? खत वाचून दाखविणे म्हणजे ते समजणे नव्हे, हे लवकरच दिसले. खरेदीखताच्या नावाखाली कर्ज, बाहेर एक बोलणे आणि खतात दुसरे, अशा वाटा सावकारांनी काढल्या. मूळ कायदा पुढील कर्जनिवारणाच्या कायद्यांनी मागे पडला, आणि गावनिबंधकाची कल्पना कोणी पुन्हा उचलली नाही. शिरढोण त्या चार जिल्ह्यांत नव्हते. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि पुढे तो कुलाब्यात गेला. तेथील शेतकऱ्याला कागद वाचून दाखविणारा कचेरीच्या आत नव्हताच. होता तो कचेरीच्या बाहेर, झाडाखाली चटई टाकून बसलेला अर्जनवीस. या वर्गाचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आत ज्या सेवेची जागा मोकळी राहिली तीच सेवा कचेरीच्या कुंपणाबाहेर विकत मिळू लागली. मुंबईच्या मोठ्या टपालकचेरीसमोर बसणारे पत्रलेखक हे याच जातीचे.

कायदा मंजूर होण्यापूर्वीच फडके पकडले गेले होते. २३ फेब्रुवारी १८७९ च्या धामारीच्या धाडीने त्यांच्या उठावास तोंड लागले आणि २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगी येथे मेजर डॅनियलने त्यांना कैद केले. त्यांचा उठाव आणि शेतकरी कायदा यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरावा हे बरे. कायद्याची बीजे १८७५ च्या दंग्यात आहेत. परंतु खटल्यातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. फडके यांचे आत्मवृत्त आणि रोजनिशी सरकारच्या हाती लागली. ती पुरावा म्हणून इंग्रजीत उतरविण्यात आली. ज्या राज्ययंत्रणेला कारकून फडके यांच्या मराठीशी पंधरा वर्षे काही कर्तव्य नव्हते, तिला आरोपी फडके यांची मराठी वाचण्यासाठी भाषांतरकार लगेच मिळाले. जन्मठेपेवर त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच ते वारले.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध येथे झपाट्याने ओलांडण्यास हरकत नाही. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध स्वीकारण्याचे ठरविले, तरी मोडी जाणती पिढी असेतोवर खाजगी व दप्तरी वापरात ती पुढेही रेंगाळली. शब्दांच्या बाबतीत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा अनेक भाषांतील राज्यकारभाराचा शब्दकोश प्रसिद्ध केला. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ याच काळातली. या सगळ्या प्रयत्नांचे आद्य उदाहरण म्हणून शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा दाखला दिला जातो. त्या दाखल्याने एक सवय मात्र पक्की झाली. कारभाराची भाषा म्हणजे कारभाराचे शब्द, असे समीकरण बसले. शब्द मराठी झाले की कारभार मराठी झाला, अशी समजूत झाली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी ६ जुलैस भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टवाळी झाली, पण त्यातील कितीतरी नावे आज इतकी रुळली आहेत की ती एके काळी नवी होती हे सांगावे लागते. कारकुनाचा लिपिक झाला, कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला. लोकांच्या तोंडी ‘कलेक्टर कचेरी’ राहिली ती राहिलीच. महसूलखात्यात अव्वल कारकून हे नाव तर अगदी अलीकडेपर्यंत टिकले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा, अंमल १९६५ पासून. वर्जित प्रयोजनांचे नियम १९६६ चे. टिपणी, मसुदा, परिपत्रक, अधिसूचना, विधेयक या क्रमाने मराठी मंत्रालयापर्यंत पोहोचली. १९९८ मध्ये जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा म्हणून मराठीची अधिसूचना निघाली. हे यश लहान नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण वेचले त्यांच्या राज्यात फायलीची भाषा बदलली, हे नोंदविलेच पाहिजे.

तथापि हा सारा बदल फायलीचा होता. खिडकीवरील बोलण्याचा विचार या कायद्यांत व नियमांत शोधूनही फारसा सापडत नाही. त्याची दोन गमक पाहण्यासारखी आहेत. एक, लिपिक-टंकलेखकाच्या पात्रतेचे. मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० शब्द, अथवा इंग्रजीचा ४० शब्द, असे प्रमाण ठरले. बोटांच्या वेगाला परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. समोरच्या माणसाला अर्ज का परत आला हे सांगण्याच्या हातोटीला यांपैकी काही नाही. दुसरे, एतदर्थ मंडळाच्या मराठी भाषा परीक्षेचे. ज्यांची मातृभाषा मराठी नाही आणि ज्यांनी शालान्त परीक्षेस मराठी घेतलेली नाही, अशा अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी ती आहे. ज्याचे मराठीतून शिक्षण झाले तो सुटला. म्हणजे मोल्सवर्थच्या काळचेच तत्त्व नव्या राज्यात चालू राहिले. परक्याची मराठी हे कौशल्य आणि आपल्याची मराठी हा जन्मसिद्ध गुण. इंग्रज गेले, परीक्षा घेणारे बदलले, गृहीतक तेच राहिले.

हेच गृहीतक नसते तर काय झाले असते, हे पाहण्यास वेल्सचे उदाहरण उपयोगी आहे. वेल्श ही ब्रिटनमधील प्राचीन केल्टिक भाषा. १५३६ च्या कायद्याने इंग्लंडने वेल्सला आपल्यात सामावून घेतले तेव्हा वेल्श बोलणाऱ्यास सरकारी पद बंद झाले. १९४२ च्या कायद्याने न्यायालयात वेल्श वापरण्यास मर्यादित मुभा मिळाली. खरी ठिणगी पडली ती एका करपट्टीच्या कागदावरून. लँगेनेख या कोळसाखाणीच्या गावातील ट्रेव्हर व आयलीन बीझली या जोडप्याने १९५२ मध्ये घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये आल्याखेरीज पैसे भरणार नाही असे कळविले. गावातील बहुतेक लोक वेल्श बोलणारे, पट्टी मागणाऱ्या मंडळाचे सभासदही वेल्श बोलणारे, तरी कागद मात्र इंग्रजी! आठ वर्षे खटले चालले, घरातील सामान जप्त होऊन गेले, आणि १९६० मध्ये द्विभाषिक कागद हाती आला. १९६७ व १९९३ चे वेल्श भाषेचे कायदे आणि २०११ चा कायदा ही त्यापुढील पावले. १९६० हे वर्ष महाराष्ट्राच्याही इतिहासातले आहे. पण आरंभबिंदू किती वेगळा, हे ध्यानात यावे. मराठीचा लढा राज्यासाठी झाला आणि राज्याने भाषा वरून खाली आणली. वेल्शची वाटचाल एका घराच्या उंबऱ्यावर आलेल्या कागदापासून सुरू झाली.

म्हणून २०११ च्या कायद्याखाली वेल्समध्ये जी प्रमाणके घालून देण्यात आली, त्यांत नागरिकाशी होणारा प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे पत्र, दूरध्वनी आणि स्वागतकक्षातील संभाषण, यांना मोठी जागा मिळाली. सार्वजनिक संस्थेत नवे पद भरताना त्या पदास वेल्श अत्यावश्यक आहे, नेमणुकीनंतर शिकणे आवश्यक आहे, असल्यास इष्ट आहे, की तिची गरज नाही, याची नोंद आधी करावी लागते. मातृभाषा कोणती हा प्रश्न तेथे गौण. त्या जागेवर बसून काम करण्यास काय लागते हा प्रश्न मुख्य. वेल्श बोलणारा कर्मचारी नारिंगी रंगाची एक खूण छातीवर लावतो, म्हणजे समोरच्याला संकोच न करता त्या भाषेत बोलता येते. नागरिकाने मागण्यापूर्वीच त्याच्या भाषेत सेवा देऊ करावी, असे तत्त्व आरोग्यसेवेत रूढ करण्याचा यत्न झाला आहे, कारण आजारी माणूस आपली भाषा मागत बसत नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांची संख्या सुमारे ५ लाख ३८ हजार आहे. २०११ मध्ये मराठी मातृभाषकांची संख्या भारतात ८ कोटी ३० लाख होती. या दोन आकड्यांतच फरकाचे मोठे कारण आहे. ज्या भाषेचे बोलणारे थोडे उरले, तिचे कौशल्य मोजावे लागले. ज्या भाषेचे बोलणारे कोट्यवधी, तिचे मोजण्याची कोणास गरज वाटली नाही. वेल्सचे अनुकरण करावे, असा याचा अर्थ नाही. तेथे प्रत्येक वेल्शभाषकास इंग्रजी येते, म्हणून सेवेची भाषा हा तेथे हक्काचा व सन्मानाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात तो पुष्कळदा समजण्या-न समजण्याचा, म्हणजे पोटाचा प्रश्न असतो.

शिरढोणच्या परिसरात हा फरक विशेष जाणवतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून पनवेल आणि उरण या तालुक्यांचे रूप पालटले. भूसंपादनाच्या नोटिसा, मोबदल्याचे हिशेब, साडेबारा टक्के भूखंडांची पत्रे, वारसनोंदी, अशा कागदांचा जो लोंढा आगरी-कोळी घरांवर कोसळला, त्यापूर्वी इतके कागद या गावांनी पाहिले नव्हते. या कागदांची मराठी शुद्ध होती, संस्कृतप्रचुर होती, कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होती. घरातील आगरी बोलीपासून ती किती दूर होती, हे सांगणे नको. कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबांपासून तर ती आणखी दूर. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका आली, २०२५ मध्ये विमानतळ आला. खिडक्या वाढल्या, आणि त्यांतील पुष्कळशा राज्याच्या राजभाषा कायद्याच्या कक्षेबाहेरच्या होत्या.

केंद्राच्या कचेऱ्यांना १९७६ चे राजभाषा नियम लागतात. त्यांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात मोडतो, आणि हिंदीत आलेल्या पत्रास हिंदीत उत्तर द्यावे असे बंधन आहे. मराठीत आलेल्या पत्राविषयी तसे काही नाही. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने आपले गाऱ्हाणे संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे; उत्तर कोणत्या भाषेत मिळेल याविषयी तो अनुच्छेद मौन पाळतो. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांतील छापील नमुने, पावत्या व खातेपुस्तके यांचा आग्रह धरला आहे. तोही छापील कागदापुरता आहे. ग्रामीण बँका आणि काही मोठ्या बँका यांच्या भरतीत मात्र स्थानिक भाषेची अट आहे, आणि पदासाठी भाषा हे तत्त्व भारतात जेथे थोडेफार दिसते ते तेथेच.

राज्याच्या बाजूने खिडकीचा स्पष्ट विचार झाला तो फार उशिरा. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत घातली. भाषेचा विषय त्याच्या केंद्रस्थानी नव्हता. मराठी भाषा धोरण २०२४ च्या मार्चमध्ये संमत झाले, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सर्व शासकीय व निमशासकीय कार्यालयांत, महामंडळांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत येणाऱ्या अभ्यागतांशी मराठीतच बोलावे असा हुकूम निघाला. मराठी न जाणणारे आणि परदेशी यांचा अपवाद आहे. राजभाषा अधिनियमानंतर सहा दशकांनी खिडकीवरील बोलणे प्रथमच अशा रीतीने नियमाच्या भाषेत आले. या निर्णयाचा भर कोणती भाषा बोलावी यावर आहे. १८७९ च्या गावनिबंधकाला जे सांगितले होते, की मजकूर मोठ्याने वाचून दाखव आणि मग अंगठा घे, त्या प्रकारचा शब्द त्यात नाही. मराठी कर्मचारी मराठी अर्जदाराशी मराठीत बोलूनही त्याला काही न सांगता परत पाठवू शकतो, हे फुले यांच्या काळापासून ठाऊक असलेले सत्य त्या निर्णयाच्या चौकटीबाहेर राहिले आहे.

याच सुमारास एक निराळी घटना घडली. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेखागारांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे, गावनमुने आणि महसुली कागद बाहेर निघाले, आणि त्यांतील पुष्कळसे मोडीत होते. कचेऱ्यांत ते वाचता येणारा मनुष्य मिळेना. ज्या लिपीतील लेखन एकेकाळी तालुक्याच्या प्रत्येक कारकुनास येत असे आणि म्हणूनच जिची कोणी वेगळी किंमत केली नव्हती, तिच्या जाणकारांची नावे आता शोधली जाऊ लागली. मोडीचे वर्ग चालविणाऱ्यांकडे व इतिहास-संशोधकांकडे विचारणा होऊ लागली. आजोबा-पणजोबांच्या नावाचा उतारा मागण्यास आलेला अर्जदार आणि तो उतारा वाचून त्याला सांगू शकणारा मोडी-वाचक हे दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले या कचेऱ्यांनी त्या वर्षी पुन्हा पाहिले.